विहीर क्रमांक २१४ मधील गळती

माणूस मेल्यावर कुठे जातो, या प्रश्नाचं उत्तर मानवजातीला अखेर सापडलं आहे. तो टर्नबुल बेटावर जातो. विहिरीचा क्रमांक, खोली आणि तारीख प्रमाणपत्रावर छापलेली असते. आठवड्यातून एक बोट आहे. दर शनिवारी सकाळी सहाला पोर्ट ब्लेअरहून सुटते, समुद्र खवळला असेल तर सुटत नाही. परतीचं तिकीट आधीच काढावं लागतं, कारण बेटावर मुक्कामाची सोय फक्त मेलेल्यांसाठी आहे.

माझे वडील, अरविंद बोरवणकर, तिथे दोन वर्षांपासून आहेत.

ज्यांच्या गावाला नियम अजून लागू झालेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणसाच्या शरीरात साधारण सोळा किलो कार्बन असतो. दहनात त्याचा अठ्ठावन्न किलो कार्बन डायऑक्साइड होतो. पूर्वी तो चिमणीतून वर जायचा आणि आपण त्या दिशेला स्वर्ग म्हणायचो. आता पहिल्या टप्प्यातल्या सात नगरपालिकांनी दाहिनीवर सापळे बसवले आहेत. वायू अडकतो, दाबला जातो आणि मोठ्या निळ्या टाकीत भरला जातो. तिसऱ्या दिवशी अस्थींबरोबर टाकीची पावती मिळते. साताऱ्यात आमच्या आधीच्या कुटुंबाने टाकीला हार घातला होता, म्हणून आम्हीही घातला. मागच्या कुटुंबाने आमचं बघून घातला. आता तो विधी आहे.

टाकीचं पुढे काय करायचं, याचे दोन पर्याय असतात. एक, वायू उद्योगाला देणे. कोणत्या उद्योगाला, हे विचारू नये असं दाहिनीच्या खिडकीवर लिहिलेलं आहे. दोन, टर्नबुल बेट.

बेटावर तो वायू दीड टन समुद्राच्या पाण्यात दाबून विरघळवतात. थोडक्यात, सोडा करतात. हा सोडा पाचशे मीटर खाली ज्वालामुखीच्या खडकात, म्हणजे बेसॉल्टमध्ये सोडतात. ते आंबट पाणी खडकातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि दोन वर्षांत खडकाच्या फटीफटींतून पांढरं खनिज धरतं. एकदा दगड झाला की तो लाखो वर्षं हलत नाही. प्रत्येकाच्या सोड्यात खुणेच्या रसायनांचं वेगळं मिश्रण घातलेलं असतं, त्यामुळे कोण नेमकं कुठे गोठलं हे नमुना तपासून सांगता येतं. या खुणेची विज्ञानाला गरज नव्हती. नातेवाइकांना होती.

बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. अख्खा महाराष्ट्र त्याच्यावर बसलेला आहे, तेव्हा इतक्या लांब कशाला, असं कोणीही विचारेल. शासनानेही विचारलं होतं. अडीचशे ग्रामसभांनी ठराव केले की आमच्या उसाखाली परगावची माणसं नकोत. टर्नबुल बेटावर चार पोलीस, एक भूगर्भशास्त्रज्ञ आणि कोणीतरी सोडून गेलेल्या शेळ्या आहेत. ग्रामसभा नाही. बेटाचं नाव आता चिरविश्रांती द्वीप असं आहे. बोटीवर अजून टर्नबुलच लिहिलेलं आहे, कारण रंग आलेला नाही.

बाबांनी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कालव्यांची गळती मोजली. अबोल माणूस. जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला बेटाचं माहितीपत्रक वाचायला लावलं आणि एकच प्रश्न विचारला. "शेजारी तुझी आई असेल ना रे?"

मी हो म्हणालो. आईला विचारलं नाही. जोडविहीर घेतली, दोनशे चौदा अ आणि ब. अ मध्ये बाबा. ब रिकामी. नियम असा की हयात जोडीदाराने दोन वर्षांच्या आत प्रत्यक्ष बेटावर येऊन सही केली तरच ब राखून ठेवतात, नाहीतर प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला देतात. दोन वर्षं या शनिवारी संपत होती. आईला मी सांगितलं होतं की बाबांचं प्रमाणपत्र आणायला जायचंय. तिने लगेच पिशवी भरली होती. बाबांनी त्रेपन्न वर्षांत तिला कोयनेच्या धरणापलीकडे नेलं नव्हतं, आणि तेही गळती होती म्हणून.

तर माझ्या खिशात दोन कागद होते. एक सहीचा. दुसरा आठ दिवसांपूर्वी आला होता, तो मी आईला दाखवला नव्हता.

बोट निघाल्यावर अर्ध्या तासात सगळे कठड्याला लागले. आई लागली नाही. ती सगळ्यांत पुढच्या बाकावर बसून आलेपाकाच्या वड्या वाटत होती आणि पाण्याकडे असं पाहत होती, जसं काही कोणी उशिरा का होईना पण आलं. वय अठ्ठ्याहत्तर. मी दोनदा म्हणालो, आई, आत येऊन बस. ती म्हणाली, "आतच होते की इतकी वर्षं."

तेवढ्यात पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ बाक धरत धरत आले. "बोरवणकर कोण?"

"आम्हीच," आई म्हणाली. "आलेपाक घ्या, बरं वाटेल."

गृहस्थ भांडायला आले होते हे स्पष्ट होतं, पण बोट कलली आणि त्यांनी वडी घेतली. ती संपेपर्यंत थांबले. "मी दत्तात्रय कुलथे. येवल्याचा. पैठणीचं दुकान आहे. आमची मंडळी, प्रभावती, दोनशे पंधरामध्ये असते."

"अगं बाई, शेजारीच."

"शेजारी होती. तुमचे मालक आमच्याकडे शिरलेत."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा कागद काढला. तिने चष्मा लावून तो मोठ्याने वाचला, म्हणजे मागच्या तीन बाकांनाही कळलं. "विहीर क्रमांक दोनशे चौदा अ मधील आशयापैकी अडतीस टक्के आशय विहीर क्रमांक दोनशे पंधरामध्ये खनिजीकृत झाल्याचे आढळून आले आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

तिने घडी घातली. "म्हणजे हे गेले? स्वतः?"

"स्वतःच," कुलथे म्हणाले. "आमच्या मंडळींचा एक कण तुमच्याकडे आलेला नाही. शून्य टक्के. मी लेखी घेतलंय."

"त्रेपन्न वर्षांत पाण्याचा तांब्या घ्यायला स्वयंपाकघरापर्यंत आले नाहीत हो."

"ते मला काय माहीत?"

"नाही, तुम्हाला कसं माहीत असणार." ती पुन्हा समुद्राकडे बघायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "किती अंतर असेल?"

"बारा मीटर," मी म्हणालो.

"बारा मीटर," आई म्हणाली. स्वयंपाकघर आमचं सहा मीटरवर होतं.

कुलथे तिथेच बसले. चौकशी केली तर त्यांचं दुखणं वेगळंच निघालं. प्रभावतीबाई गेल्या तेव्हा जोडविहिरी संपल्या होत्या. त्यांना आता पाचशे दोन नंबर मिळत होता, डोंगराच्या पलीकडे. "चालत अर्धा तास," ते म्हणाले. "आणि तोवर तिच्याजवळ परका माणूस. भाऊ म्हणून सांगतो, ताई, मला आठ दिवस झोप नाही."

"आपलं आता नातं काय म्हणायचं?" आईने विचारलं.

कुलथ्यांनी खरोखर विचार केला. "पोरांचं असतं तर व्याही म्हणालो असतो."

बेटाला धक्का नाही. होडीतून उतरून गुडघाभर पाण्यातून काळ्या वाळूवर यावं लागतं. वाळू कोमट होती. गंधकाचा वास नाकात बसला तो दिवसभर उतरला नाही. समोर पाचशे मीटर उंचीचा राखाडी डोंगर, माथा कापल्यासारखा, त्याच्या उतारावर पोपटी झाडोरा आणि मधून मधून स्टीलच्या झाकणांच्या रांगा. प्रत्येक झाकणावर क्रमांक. लांबून पाहिलं तर वसाहतीतल्या पाण्याच्या मीटरसारखं वाटत होतं.

बोटीबरोबर आलेल्या वनखात्याच्या शिपायाने सगळ्यांची चप्पल धुऊन घेतली आणि पिशव्या तपासल्या. बेटावर परकं बी रुजता कामा नये, म्हणून तीळ भाजलेलेच चालतात, तांदूळ शिजवलेलाच, आणि नारळ उभा करवतलेला. कुलथ्यांनी कच्चे तीळ आणले होते. शिपायाने ते तिथल्या तिथे छोट्या तव्यावर भाजून परत दिले. त्याचा हात बसलेला होता.

आई एव्हाना अर्धा किनारा पुढे गेली होती. चप्पल हातात घेऊन, कोमट वाळूत पाय रुतवत, कुठेही न बघता, सगळीकडे बघत. मी मागे, सहीचा कागद घेऊन. "आई, तिकडे नाही, इकडे."

"तिकडे काय आहे?"

"काही नाही."

"मग बघू की."

झाकणांच्या रांगांपाशी डॉ. गवंडे भेटल्या. मूळच्या अकोल्याच्या, बेटावरच्या पाचव्या रहिवासी, चार वर्षं इथेच. उन्हाने रापलेल्या आणि बोलायला माणूस मिळाल्याने थोड्या घाईत. त्यांनी आम्हाला पत्र्याच्या खोलीत नेलं आणि टेबलावर एक दगडी कांडं ठेवलं, बोटभर जाड, वीतभर लांब. काळाभोर खडक, त्यातून केसासारख्या पांढऱ्या रेषा.

"हा दोनशे चौदा आणि पंधराच्या मधला नमुना," त्या म्हणाल्या. "ते पांढरं म्हणजे ते."

"कोण ते?" कुलथ्यांनी विचारलं.

"दोघंही."

कुलथे वाकून बघायला लागले. "यातले हे कुठले आणि ती कुठली?"

"खुणेची रसायनं दोन्ही सापडतात. पण एकाच स्फटिकात. वेगळं नाही काढता येत."

कुलथ्यांनी मान हलवली, दुकानातल्यासारखी. "रंग लागला. एकीचा दुसरीला लागला की गेलं. धुऊन निघत नाही, मी लोकांना सांगत असतो."

"पण झालं कसं?" आईने विचारलं.

डॉ. गवंडे माझ्याकडे बघत नव्हत्या, हे माझ्या लक्षात आलं. "आम्ही दोन दिवसांतून एक विहीर भरायचो. खाली पाण्याला पसरायला वेळ लागतो ना. मग नातेवाइकांचे अर्ज यायला लागले, मुहूर्तावर सोडा म्हणून. सगळ्यांचं पंचांग एकच. त्या बुधवारी अकरा वीस ते बारा, एवढाच चांगला काळ होता. एकोणीस अर्ज. मी चार पंप एकदम लावले. तरी ठीक होतं. पण दोनशे चौदाच्या घरून फोन आला की बारानंतर राहुकाळ आहे, त्याच्या आत उरका. म्हणून मी तेवढ्या विहिरीचा दाब वाढवला. मधे फट होती."

"फोन कोणी केला?" आईने विचारलं. विचारायची पद्धत म्हणून.

"मी," मी म्हणालो.

"तुझे बाबा पंचांग बघत नसत."

"म्हणूनच वाटलं, एकदा तरी नीट व्हावं."

"झालं नीट," आई म्हणाली.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो की माझा मुहूर्तावर विश्वास नाही. कोणाचाच नव्हता. प्रत्येकाने दुसऱ्या कोणाला वाईट वाटू नये म्हणून फोन केला होता.

कुलथे अजून कांड्यावरून बोट फिरवत होते. भांडण कुठेतरी गळून पडलं होतं. "ताई, एक विचारू? माणूस कसा होता?"

आईने नीट आठवून सांगितलं. "त्रास नाही देणार. सकाळी पेपर लागतो. वाचला की पसरून ठेवतात, घडी म्हणून घालत नाहीत."

"प्रभा घालायची. दुकानातल्या सगळ्या घड्या तिच्या. गिऱ्हाईक पन्नास लुगडी उलगडून जायचं, ती गप बसून पन्नास घड्या घालायची."

"मग जमेल त्यांचं."

"बोलायची नाही फार."

"जमेल," आई म्हणाली, आणि खिडकीपाशी गेली.

मला वाटलं हीच वेळ. कागद पुढे केला, पेन काढलं. "आई, आजची तारीख शेवटची आहे. ब विहीर तुझी. सही केलीस की झालं."

तिने कागद वाचला. या वेळी मनातल्या मनात. "सहखनिजीकरण," एवढाच शब्द मोठ्याने म्हणाली. "हे कधी ठरलं?"

"बाबा होते तेव्हा. त्यांनी विचारलं, शेजारी आई असेल ना. मी हो म्हणालो."

"मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"हो."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो. आई, ते घाबरले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं."

रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "मी त्रेपन्न वर्षं शेजारी होते, हृषी," ती म्हणाली. "त्यांचं काही वाईट नव्हतं. पण ते बसलेले असायचे आणि मी बसलेली असायचे. आता तू म्हणतोस तसंच पुढे, लाखो वर्षं. या बाई म्हणतात हलतासुद्धा येणार नाही."

"मी त्यांना शब्द दिलाय."

"तू दिलास. माझ्या नावाने." मग जरा मऊ आवाजात, "अडतीस टक्के तर गेलेच की सोबतीला. घाबरलेला माणूस आपला आपण वाट काढतो, त्यांनी काढली. मला बरंच वाटलं ते वाचून. उरलेल्यांसाठी हे भाऊ येतील."

कुलथ्यांनी वर पाहिलं.

"माझी जागा तुम्ही घ्या," आई त्यांना म्हणाली. "प्रभाताईंपासून किती लांब, बारा-पंधरा मीटर. चालेल ना? पेपरची घडीही घालाल."

कुलथ्यांनी सदऱ्याच्या बाहीने चष्मा पुसला. मी डॉ. गवंड्यांकडे वळलो, कारण नियम हा माझा शेवटचा आधार होता. "असं करता येतं?"

त्यांनी फायलीतून नियम काढला. "ब विहीर जोडीदारासाठी राखीव, असं आहे. कोणाच्या जोडीदारासाठी, ते लिहायचं राहिलंय."

"ताई, मग तुम्ही?" कुलथ्यांनी विचारलं.

"मी लाकडावर. उघड्यावर. धूर जाईल तिकडे जाईन." तिने हाताने खिडकीबाहेरचा समुद्र दाखवला, नेमकी दिशा नव्हती. "एवढं सगळं बघायचं राहिलंय. वाऱ्याला कुठे तिकीट लागतं."

लागतं. मुक्त दहन परवाना लागतो, आणि त्याला प्रतिज्ञापत्र: मी माझ्या मृत्यूनंतर वातावरणात अठ्ठावन्न किलो कार्बन डायऑक्साइडची भर घालणार असून त्याने होणाऱ्या हानीची मला जाणीव आहे. हे मी तिला सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती, तरी सांगितलं, कारण आईला मी ओळखतो. ती दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी बाई आहे. खोलीतून दोन मिनिटांसाठी बाहेर पडली तरी पंखा बंद करते. सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करण्यावरून तिने सख्ख्या जावेशी अबोला धरला होता.

"प्रत्येकाने असं म्हटलं तर, आई?" मी म्हणालो. "तूच म्हणतेस ना, आपल्यामुळे कोणाला त्रास नको. नातवंडांनी त्याच हवेत राहायचंय."

ती थांबली. सकाळपासून पहिल्यांदा पूर्ण थांबली. हातातली चप्पल खाली ठेवली आणि खुर्चीत बसली, घरी बसायची तशी. पेन उचललं. कागद जवळ ओढला. मी जिंकलो होतो, आणि मला ते बिलकूल आवडलं नाही.

बाहेर सारंगाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, पहिला भोंगा दिला.

"बाई," आईने डॉ. गवंड्यांना विचारलं, "अठ्ठावन्न किलो म्हणजे किती हो? मला अंदाज नाही येत. कोणाला खोकला येईल इतकं?"

डॉ. गवंडे दारात गेल्या आणि डोंगराकडे पाहत उभ्या राहिल्या. उत्तर त्यांना माहीत होतं, फक्त ते आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"हा डोंगर झोपलेला आहे," त्या म्हणाल्या. "पण श्वास चालू असतो. वरच्या भेगांतून तोच वायू निघतो. मी रोज मोजते. दिवसाला अकरा टन." त्यांनी बोटांवर काहीतरी केलं. "तुम्ही म्हणजे याची साडेसात मिनिटं."

आई कागदाकडे पाहत राहिली. मग तिने माझं नाव घेतलं नाही, बाबांचंही नाही. ब विहिरीपुढचं आपलं नाव खोडलं, वर दत्तात्रय कुलथे असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि चप्पल घालून किनाऱ्याकडे निघाली. कुलथे तिच्या मागून, भाजलेल्या तिळांची पुडी सांभाळत.

मी खोलीतच राहिलो. टेबलावर ते कांडं होतं.

"आणि आतापर्यंत इथे आणलेले सगळे मिळून?" मी विचारलं.

"चारशे बारा माणसं," डॉ. गवंडे म्हणाल्या. "दोन दिवस आणि चार तास. वार्षिक अहवालात आहे, परिशिष्ट सातमध्ये."